नव्या हॉलच्या दाराबाबत

मी, डेटा सेंटरची निवृत्त कार्यप्रमुख, विधवा, निपुत्रिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मनाने करीत आहे. मला जो आवाज ऐकू येतो त्यावरून उद्या कोणी माझ्या डोक्याविषयी शंका काढील, म्हणून डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. कान तपासले, डोकेही तपासले. दोन्ही ठणठणीत आहेत.

१. राहते घर माझ्या धाकट्या जावेला आणि तिच्या पश्चात तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला द्यावे. या घरात आतल्या एकाही दाराला कडी नाही, न्हाणीघरालासुद्धा. पाहुण्यांची पंचाईत होते. बिचारे आत गाणी म्हणत बसतात. जावेला हवे तर तिने कड्या बसवाव्यात. ती बसवणार नाही.

२. माझा थर्मल कॅमेरा आणि भाऊजींच्या पान्यांची पिशवी पुतणीला द्यावी. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्याच सेंटरमध्ये कूलिंग सांभाळायचे, म्हणून सगळे त्यांना बर्फ्या म्हणत. कामावर ते मला मॅडम म्हणायचे आणि डबा उघडला की वहिनी.

३. ते कसे गेले हे कागदावर राहावे, म्हणून लिहिते.

नवा हॉल कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल्स शिकवण्यासाठी बांधला होता. तिथली यंत्रे जुन्यांच्या कैक पट वीज खायची आणि तेवढीच तापायची. त्यांच्यातून फिरणारे पाणी थांबले की हॉलची भट्टी व्हायला वेळ लागत नसे. त्या दुपारी पंप बंद पडला आणि राखीव पंप सुरू होईना. यंत्रे बंद करते, असे मी संचालकांना फोनवर सांगितले. ते म्हणाले, मॉडेलचे शिकणे शेवटच्या टप्प्यावर आहे, ग्राहक डोक्यावर बसला आहे, थोडे धरा. मी नाही म्हटले. पण तोवर त्यांनी परस्पर भाऊजींना फोन करून, आत जाऊन व्हॉल्व्ह हाताने उघडायला पाठवले होते.

एक तार जळाली, धूर झाला, आग विझवणारा, पण माणसाचाही श्वास कोंडणारा वायू सुटला. अशा वेळी दाराचे कुलूप आपोआप सुटायला हवे. चोरीच्या धास्तीने संचालकांनी ते माझा विरोध डावलून नव्याने जोडून घेतले होते. ते सुटले नाही.

भाऊजींनी आतून दार ठोठावले. आरडाओरडा नाही. शेजारी साखर मागायला येतो, तसे ठोठावले. मी धावत जाऊन लाल बटण दाबले आणि अख्ख्या हॉलची वीज तोडली. विजेवरचे कुलूप सुटून दार उघडले तेव्हा ते माझ्या अंगावरच कोसळले. "वहिनी, व्हॉल्व्ह उघडला," एवढेच म्हणाले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले होते.

चौकशीत संचालकांनी सांगितले की बर्फ्या आपणहून आत गेला. मी तोंडावर उलट साक्ष दिली. कंपनीला दंड झाला; त्यांची खुर्ची शाबूत राहिली. मॉडेलही पुढे शिकून तयार झाले. लोक त्याच्याकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहून घेतात.

मी नोकरी सोडली नाही. वीज असो-नसो, आतून ढकलले की उघडेल असा दांडा प्रत्येक दाराला बसवून घेतला. तरी पंख्यांच्या घोंघाटात ते ठोठावणे ऐकू यायचे. मी दर वेळी जाऊन उघडायची. आत गार हवा आणि हिरवे दिवे. निवृत्त झाले, तसे ते माझ्यामागोमाग घरी आले.

जावेला हे सांगितले तेव्हा ती घाबरली नाही. म्हणाली, "तुमच्याकडे येतात तरी, जाऊबाई. मी इतकी वर्षं दार उघडं टाकून बसलेय."

४. बँकेतील सर्व शिल्लक पुतणीला द्यावी. तिने याच धंद्यात पाऊल टाकले आहे आणि मी अडवले नाही. वरचा माणूस 'थोडे धरा' म्हणाला, तर त्याच्या टेबलावर राजीनामा टाकून तिला घरी येता यावे, यासाठी हे पैसे आहेत. तिने त्यांचे दागिने करू नयेत.

५. माजी संचालकांना माझ्याकडून काहीही देऊ नये. गेल्या वर्षी ते काठी टेकत माझ्याकडे आले होते. अंगावरचा कोट दुसऱ्याचा वाटावा इतके वाळले होते. चहा तसाच निवू दिला. मग खाली बघत विचारले, "बाई, तुम्हालाही ऐकू येतं का हो, ते ठोठावणं?"

त्या क्षणी आतल्या खोलीचे दार वाजत होते.

मी त्यांच्याकडे नीट बघितले आणि म्हणाले, "नाही. कसलं?"

ते उठले. जिना उतरताना लोकांच्या बंद दारांपाशी थांबत, कान देत गेले. त्यांनी किंवा त्यांच्या माणसांनी पुन्हा येऊन विचारले, तर माझ्या घरच्यांनी हेच उत्तर द्यावे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम पुतणीने करावे. साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही. मला सही करताना पाहिले आहे.

सही: (मृत्युपत्र करणारी)
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्याप्रमाणे