रंगाआधी खडू

४ तारीख, सोमवार

ती. दादास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझा निरोप मोबाइलवर मिळाला. किती दिवसांनी पडद्यावर तुझं नाव दिसलं. वाटलं, बाबांचं काही झालं. मग वाचलं: ‘आमच्या वर्कशॉपची वेबसाइट करायची आहे. हाताने रंगवलेल्या पाट्या ही आमची खासियत. काम सुरू करण्याआधी काय काय लागेल ते कळवावे.’ आणि खाली वेगळ्या ओळीत, ‘इतर ग्राहकांसारखंच समज.’ म्हणजे बाबा ठीक आहेत, एवढ्यापुरतं बरं वाटलं.

‘आमच्या’ वर्कशॉपची, असं तू लिहिलंस. ठीक आहे. मग मीही या पत्रात ‘तुमचं’ वर्कशॉप म्हणते, म्हणजे दोन्ही बाजूंनी सरळ.

इतर ग्राहकांना मी कामाआधी एक लांबलचक पत्र पाठवते. मोबाइलवर लोक वाचत नाहीत, नुसता अंगठा पाठवून मोकळे होतात. म्हणून तुलाही पत्रच. इकडे माझं बरं चाललंय. ऑफिस म्हणजे चौथ्या मजल्यावरची एक खोली. जिना चढून आलेला ग्राहक आधी पाणी मागतो, मग वेबसाइट. पण खिडकी मोठी आहे आणि उजेड चांगला येतो.

आता कामाचं. सुरुवातीचे दिवस तुला वाटेल, ही बया काहीच करत नाहीये. मी नुसते प्रश्न विचारत बसेन. लोकांना वाटतं, वेबसाइटवाली आली की कॉम्प्युटर उघडून रंग दाखवायला लागणार. मी रंगाचं नावही काढत नाही. तुमच्या वर्कशॉपला कोण येतं? काय शोधत येतं? वेबसाइट बघून त्या माणसाने करायचं काय, फोन करायचा, का सरळ येऊन दारात उभं राहायचं? ‘वेबसाइट सगळ्यांसाठी आहे’ असं उत्तर देऊ नकोस. ते सगळेच देतात.

बाबा काय करायचे आठवतंय ना? ग्राहक यायचा तोच लाल अक्षरं, पिवळी किनार असं ठरवून. बाबा त्याला रस्ता ओलांडून पलीकडे न्यायचे आणि म्हणायचे, “आता तुमच्या दुकानाकडे बघा. इथून काय वाचता यायला हवं?” निम्मे लोक तिथेच रंग विसरायचे. त्या चष्मेवाल्याला स्वतःच्या सगळ्या पदव्या पाटीवर हव्या होत्या. पलीकडे उभा राहिला, जरा वेळ डोळे बारीक केले आणि म्हणाला, “नुसतं ‘चष्मे’ लिहा. मोठं.” मी आजही तेवढंच करते. फक्त रस्ता नसतो.

मजकूर आणि फोटो ग्राहकाने द्यायचे असतात. इथेच सगळ्यांचं घोडं अडतं. ‘तुम्ही करा हो सुरू, मजकूर काय, देऊ’ म्हणणारे शेवटपर्यंत देत नाहीत आणि उशीर मात्र माझ्या नावावर लागतो. म्हणून मजकूर हातात आल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. तो आला की तुला चौकटी पाठवीन. काळ्या-पांढऱ्या, रिकाम्या. इथे नाव, इथे फोटो, इथे फोन नंबर. त्या बघून ग्राहकांचे चेहरे पडतात, एवढे दिवस थांबून हेच का, असं विचारतात. तू विचारू नकोस. बाबा ब्रश उचलायच्या आधी मी पाटीवर खडूने रेघा मारून अक्षरं आखून द्यायचे, तेच हे. खडू पुसता येतो, म्हणून चुका खडूत करून घ्यायच्या. बाबांनी मला ‘खडू’ म्हणायला सुरुवात केली ती त्यावरूनच. त्याला ‘स’ जोडायचं काम तुझं.

निर्णय घेणारं माणूस एकच ठेव. मी एका फर्निचरवाल्यांचं काम केलं होतं, दोन भाऊ आणि त्यांच्या बायका. चौघांनी चार वेगवेगळे निळे निवडले आणि शेवटी वेबसाइट राखाडी झाली. आणखी एक, वेबसाइटचा पत्ता तुझ्या नावावर घे आणि पासवर्ड तुझ्याजवळ ठेव, माझ्याजवळसुद्धा नको. डिझायनर आज आहे, उद्या नाही.

फोटोत कोण कोण असणार ते आधी ठरवा. पाट्या छापायच्या मशीनच्या बाजूने काढू नका, तिथला उजेड सगळा मशीन खातं. माझं टेबल तिथे होतं तेव्हा दिवसा दिवा लावावा लागत नसे. असो. मशीन अजून तिथेच आहे ना?

एक प्रश्न मला विचारणं भाग आहे. वेबसाइटवर जे लिहितो ते मागायला लोक खरोखर येतात. हाताने रंगवलेल्या पाट्या ही तुमची खासियत, तर त्या रंगवणार कोण? बाबांचा हात कापतो असं आत्याकडून कळलं. आणि तुझं अक्षर मी पाहिलेलं आहे.

शेवटचं. ‘आमच्याविषयी’ नावाचं एक पान असतं. कोणी सुरू केलं, कोण कोण काम करतं, अशा चार ओळी. त्या तू लिहायच्या. ते पान मी कुणालाच लिहून देत नाही, तसा माझा नियम आहे. कुणाला त्यात धरायचं आणि कुणाला नाही, हे घरच्या माणसांनी ठरवायचं असतं. ते बाहेरच्याचं काम नाही.

सवडीने उत्तर दे. बाबांना चष्मा नीट पुसून देत जा, ते शर्टाला पुसतात आणि काचेवर चरे पडतात.

आपली विश्वासू,
वेबसाइट डिझायनर


११ तारीख, सोमवार

प्रिय खडूस,
अनेक आशीर्वाद.

विश्वासूबाई, पत्र मिळालं. आधी एकट्याने वाचलं, मग बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. रस्ता ओलांडायचं आलं तेव्हा म्हणाले, “चष्मेवाल्याची पाटी अजून आहे. परवाच पाहिली.” परवा म्हणजे कधी ते विचारू नकोस, ते हल्ली घराबाहेर पडत नाहीत.

तुझे प्रश्न घेतो. वर्कशॉपला कोण येतं? खरं सांगायचं तर कोणी नाही. छापील पाट्या आता कोणीही कुठेही छापून देतं. मशीनवर अर्धा वेळ चादर असते. मध्यंतरी एक बेकरीवाली आली, तिला हाताने रंगवलेली पाटी हवी होती. मग एक पुस्तकवाला आला, त्याला बाबांच्या जुन्या पाट्यांसारखंच अक्षर हवं. मी दोघांना हो म्हणून बसलो. बेकरीवालीची पाटी मीच रंगवली. भली बाई, तोंडावर काही बोलली नाही. पण ती पाटी तिने आतल्या बाजूला लावली आहे, भट्टीच्या शेजारी.

तेव्हा रंगवणार कोण, हेच मला तुला विचारायचं होतं. थेट विचारायचं तोंड नव्हतं. म्हटलं, आधी वेबसाइटचं निघू दे, त्या निमित्ताने बोलणं सुरू होईल, मग हळूच विचारू. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, “खडू न मारताच ब्रश घेतलास.”

‘आमच्या’वर तू बोट ठेवलंस. तो निरोप मी आधी, तुला लिहायचा धीर होईना तेव्हा, आणखी दोन डिझायनरांना पाठवला होता, तोच तुला ढकलला. तुझ्यासाठी म्हणून शेवटची ओळ तेवढी घातली, तीसुद्धा फुकटात काम मागतोय असं तुला वाटू नये म्हणून. वरचा शब्द माझ्या लक्षातच आला नाही. पाट्या रंगवणाऱ्याच्या पोराला शब्द दिसत नाही, यावर बाबा जे बोलले ते इथे लिहीत नाही.

निर्णय एकानेच घ्यायचा म्हणतेस. एकदा एकाने घेतला होता. तुझं टेबल मी हलवलं. मशीन घेऊन माणसं सकाळीच आली, जागा हवी होती. टेबल जिन्याखाली टाकलं आणि म्हटलं, ती आली की सांगू. तू आलीस, टेबल पाहिलंस, ब्रश धुऊन ठेवलेस आणि पुढे कामासाठी तिकडे निघून गेलीस. सांगायचं राहूनच गेलं. मशीनची जागा दुसरीकडेही काढता आली असती. हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. बाबा आणि मी त्यावर कधी बोललो नव्हतो. तुझं पत्र आलं त्या दिवशी बोललो. बाबा म्हणाले, “मीही तिथेच उभा होतो.” एवढंच.

टेबल अजून जिन्याखाली आहे. त्यावर रंगाचे डबे ठेवू म्हटलं तर बाबा ठेवू देत नाहीत.

आता ते पान. ‘आमच्याविषयी’ लिहायला बसलो आणि लिहून लिहून फाडलं. बाबांनी सुरू केलं, मी पुढे नेलं, एवढं झालं की पुढे हात चालेना. शेवटी बाबांना विचारलं, “खडूला यात धरायचं का? तिला चालेल का?”

ते म्हणाले, “तिने खाली काय लिहिलंय?”

मी वाचलं, “आपली विश्वासू.”

“मग झालं तर. आपली, असं तिनेच लिहिलंय.”

मी म्हटलं, “बाबा, ते तसं नसतं. ऑफिसच्या पत्रात असंच लिहितात. परक्या माणसालाही लिहितात.”

तर म्हणतात, “मी जन्मभर अक्षरं रंगवली. लिहिलंय तेवढंच मी धरतो. तू त्यात आणखी काय वाचतोस?”

आता याचं उत्तर मी तुझ्यावरच टाकतो. तुला सुचलं तर कळव.

चष्मा मी पुसून देतो. मऊ फडकं आणलंय.

तुझा,
वाईट अक्षराचा दादा


१८ तारीख, सोमवार

प्रिय दादा,
तुला आणि बाबांना नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि लगेच मिटलं, समोर ग्राहक बसला होता. तो गेल्यावर जिन्यात जाऊन वाचलं. बेकरीवालीच्या पाटीपर्यंत हसत होते. टेबलापाशी आले आणि पायरीवर बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की तिथे माझं टेबल होतं, हे तुम्ही दोघं विसरूनही गेला असाल. मला कुणाची माफी नको होती रे. ते तिथे होतं, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

आता माझंही ऐक. नियम वगैरे काही नाही. ‘आमच्याविषयी’चं पान मी सगळ्यांना लिहून देते. लोकांना स्वतःबद्दल धड लिहिता येत नाही, आणि मला ते चांगलं जमतं. तुझा निरोप आला त्याच दिवशी मी ते लिहायला बसले होते. ‘आम्ही’ लिहिलं तर आगाऊपणा वाटे, ‘ते’ लिहिलं तर परक्याचं पान वाटे. पहिल्याच शब्दावर गाडी अडली, म्हणून ते काम तुझ्या गळ्यात मारलं.

काम सुरू होण्याआधी सगळं स्पष्ट बोललेलं बरं, म्हणून बोलते. इथली खोली मी सोडणार नाही. माझी कामं इथे आहेत, माणसं इथे आहेत, आणि मला इथे आवडतं. पण दर महिन्याला थोडे दिवस येईन आणि पाट्या रंगवीन. पुस्तकवाल्याला तसं सांग, म्हणजे तो दुसरीकडे जाणार नाही. बेकरीवालीची पाटी उतरवून आण, सुरुवात तिच्यापासून करू. ती बाई तुझ्या तोंडावर गप्प राहिली, तिला एवढं तरी द्यायला हवं.

टेबल जिन्याखालून काढ आणि उन्हात ठेव, ओल धरली असेल. मशीन आतल्या भिंतीला लाव. टेबल खिडकीपाशी आणून ठेव. हे मी विचारत नाहीये. बाबांना खुर्ची त्याच्या शेजारी दे. माझ्या रेघा वाकड्या आल्या तर हात कापत असला तरी त्यांना बोलता येतंच की.

फोटो मी आल्यावर काढू. तोवर तू हसायचा सराव कर, तुझे सगळे फोटो ओळखपत्रावरचे वाटतात.

मजकूर आला नसला तरी चौकटी सोबत पाठवते आहे. रिकाम्या आहेत, घाबरू नकोस. ‘आमच्याविषयी’च्या चौकटीत मात्र मी पेन्सिलीने पहिली ओळ लिहून ठेवली आहे: ‘आम्ही तिघं पाट्या रंगवतो.’ बाबांना वाचून दाखव. पेन्सिल आहे, पुसता येईल. पण पुसायची असली तर आधी त्यांना विचार.

आणि त्यांना सांग, ऑफिसच्या पत्रात तसंच लिहितात हे दादाचं म्हणणं बरोबर आहे, मीही तेव्हा तसंच लिहिलं होतं. या खेपेला त्यांनी वाचलं तसं लिहिते.

आपली,
खडू