अर्धा इस्कोन

माय, आज सकाळपासून नांदेडच्या माझ्या स्वयंपाकघरात स्कोन भाजतेय, तेच साहेबांच्या चहाबरोबरचे मैद्याचे छोटे, जाड पाव. तू त्यांना इस्कोन म्हणायचीस, म्हणून मीही तेच म्हणते. सून हसते, हसू दे. एका ताटात मनुका घातलेले गोड, दुसऱ्यात ओवा आणि हिरवी मिरची घातलेले खारे. ओव्हनमध्ये असे टम्म फुगलेत की तू पाहिलं असतंस तर आधी ओव्हनलाच नावं ठेवली असतीस.

तू हे शिकलीस दुष्काळात. खडी फोडायचं काम सुटलं आणि तू लातूरच्या डाकबंगल्यावर पाणी भरायला लागलीस. तिथले म्हातारे खानसामा, आपले चाचा, यांनी एकदा घाईत मैद्याची परात तुझ्यापुढं सरकवली. तू ते पीठ भाकरीच्या पिठासारखं रगडून रगडून मळलंस. तापल्या वाळूच्या पातेल्यातून निघाली ती खडीच. चाचांनी एक इस्कोन टेबलावर आपटून दाखवला. "बाई, ये भाकर नै है. इसकू मारो नक्को, नुसता हात लगाव." हा किस्सा तू चाचांच्याच आवाजात किती वेळा सांगितलास. ताकाचा पत्ता नसायचा, म्हणून मदतीच्या दूध पावडरीत लिंबू पिळून तुम्ही दोघं काम भागवायचात. मळणं तू सोडलंस, पण थापणं काही सोडलं नाहीस. चाचा ग्लासानं गोल कापायचे, तू मात्र एकेक गोळा हातावर थापायचीस आणि वर तुझी तीन बोटं उमटायची.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा चाचा या जगात नव्हते आणि डाकबंगल्याचं स्वयंपाकघर तुझ्याकडं होतं. नव्या कलेक्टर साहेबांच्या पहिल्या बैठकीचा चहा होता. मी कॉलेज बुडवून कपबशा विसळायला आले होते. बैठकीची व्यवस्था बघणारे कारकून दाराबाहेरच उभे राहून म्हणाले, "बाई, बेकरीतून आणलंय म्हणून सांगा. बुद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं म्हटलं की काही जण शिवणार न्हाईत." तू "बरं" म्हणालीस. एवढंच. माझ्या अंगाची लाही लाही झाली, आणि खरा राग तुझाच आला. मग पाहते तर काय, तू प्रत्येक इस्कोनवर नेहमीपेक्षा खोल बोटं दाबत होतीस.

ताटं आत जातात. मी दाराच्या फटीतून बघतेय. साहेब एक खारा उचलतात, निम्मा खातात, मग उरलेला डोळ्यांजवळ धरतात. "हे बेकरीचं नाही. यावर बोटं आहेत. कुणी केलंय?" कारकून जमिनीकडं बघतात. तू पदर खोचून सरळ आत जातेस. "म्या केलेत, साहेब. लई वर्सं झाली, हितंच करायलेय." साहेब दुसरा उचलतात. बाकीचेही हात पुढं करतात. एक जण मात्र हातातला अर्धा इस्कोन हळूच बशीत ठेवतो आणि चूळ भरायला उठून बाहेर जातो. मला ते दिसलं, तुलाही दिसलं. घरी परतताना मी रडकुंडीला आले होते आणि तू रस्त्यात थांबून हसत होतीस. "आगं, अर्धा तर पोटात गेला की त्याच्या. आता काय काढतो भाईर?"

ती हिंमत माझ्यात पुरेपूर उतरली आहे, हे मीच सांगते, दुसरं कोण सांगणार. गल्लीतल्या प्रत्येक घरी माझे इस्कोन जातात. सून म्हणते, "आई, कापायला साचा आणू या, छान दिसतील." मी बोटंच उमटवते. आणि तुझ्यापेक्षा माझे हलके होतात, हे तू असतीस तर तुझ्या तोंडावर सांगितलं असतं आणि भांडून घेतलं असतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, त्यामुळं एक गोष्ट सांगून टाकते. घरी आलेलं कुणी बशीत अर्धा इस्कोन ठेवून उठायला लागलं, तर त्याचं पोट भरलेलं असतं, मला ठाऊक असतं. तरी मी विचारते, "का, आवडला नाही?" आणि तो अर्धा संपेपर्यंत समोरून हलत नाही.