तीन हजार दोनशे झाडं

६ जानेवारी, सोमवार

नापास! सगळी झाडं नापास. चार दिवस तारेला पीळ देऊन बोटांची सालटी निघाली, आणि संग्रहालयाच्या मॅडम पेटीपुढे चष्मा वर करून म्हणाल्या, "हे जंगल नाही हो, हे बाटल्या घासायचे ब्रश आहेत."

खरं सांगायचं तर ब्रशच दिसत होते. म्हणूनच जास्त लागलं.

संग्रहालयाचं नवं दालन — माणूस आणि पृथ्वी, दहा हजार वर्षं, सहा काचेच्या पेट्या. पहिलीत शेतीच्या आधीचं जंगल आणि त्याच्या कडेला पहिला तुकडा जाळणारी चार माणसं. दुसरीत कालवे आणि मिठाने पांढरी पडलेली शेतं. तिसरीत जहाजं बांधणारा किनारा आणि मागे बोडके डोंगर. मग खाणी, मग धुराडी, शेवटी आजचं शहर. सुतारमिस्त्री म्हणतात, "दहा हजार वर्षांना मला दहा आठवडे देतात!" उद्घाटन २८ फेब्रुवारीला. हे नीट पार पडलं तर मला कायम करणार, असं मॅडमनी दोनदा सांगितलंय. नऊ वर्षं कंत्राटावर काढली. दोनदा सांगितलं म्हणजे खरंच असणार ना?

आता झाडं कुठून आणू? एकट्या पहिल्या पेटीला तीन हजार दोनशे लागतात.

९ जानेवारी, गुरुवार

सापडलं!! आणि कुठे — ताईच्या, म्हणजे आमच्याच घरामागे. मोरीचं पाणी ओतायला गेले तर ओढ्याच्या काठावर ते राखाडी झुडूप, गुडघ्याएवढं, काठभर माजलेलं. पाच वर्षं रोज बघतेय आणि आज दिसलं. त्याचा एकेक तुरा म्हणजे हुबेहूब लहानसं झाड. नुसतं कापलं तर प्लास्टरमध्ये उभं राहत नाही, तार लावावी लागते. पण छोटं रोप मुळासकट उपटलं तर काय बहार! मुळं पसरून बसतात, खोड जमिनीतून वर आल्यासारखं दिसतं. शंभर वर्षांचा वृक्ष, उंची चार बोटं.

ग्लिसरीनमध्ये बुडवलं की वाळून मोडत नाही. मग डिंक, मग रंगवलेला भुसा. मॅडमना एक करून दाखवलं. त्या नुसत्या वाकून बघत राहिल्या.

१२ जानेवारी, रविवार

सात पोती. कंबर धरली.

१९ जानेवारी, रविवार

आणखी नऊ. मोठी झुडपंही उपटली, त्यांची मुळं ओढताना दमछाक होते — हातभर खाली जातात बाई! पण त्यांच्या फांद्या चांगल्या. आमच्या घरामागचा काठ संपला, शेजारच्या दोन घरांमागचाही. आता मातीच दिसते. पलीकडून शेळ्या चारणारी बाई तेवढी बघत होती, बाकी कोणी नाही. साफसूफ झालं, असं ताई म्हणाली. तिला वाटतं नगरपालिकेने केलं. मी तसंच वाटू दिलं. उगाच कशाला, घरात पोत्यांचा पसारा म्हणून आधीच ओरडत असते.

२७ जानेवारी, सोमवार

जंगल उभं राहिलं. मिस्त्री टोपी काढून म्हणाले, "आता यात वाट चुकायला पाहिजे."

दुसऱ्या पेटीत मात्र फजिती. मिठाची शेतं दाखवायला मी हौसेने खरं मीठ पेरलं. दोन दिवसांत ओल धरून चिखल! मॅडम हसत म्हणाल्या, "त्या काळच्या लोकांचंही अगदी असंच झालं. पाणी देत राहिले आणि शेत हातचं गेलं." सगळं खरवडून पांढऱ्या रंगाची भुकटी टाकली.

उद्यापासून तिसरी पेटी. चाळीस शेळ्या करायच्यात, नखाएवढ्या.

२ फेब्रुवारी, रविवार

वरच्या धरणातून पाणी सोडलं. दरवर्षी सोडतात, ओढा दोन दिवस भरून वाहतो. सकाळी मोरीत गेले तर बाहेर धप्प आवाज. काठाचा एक तुकडा खाली गेला होता. मोठा नव्हता — एक दिवाण मावेल एवढा.

पूर्वी कधी गेला नव्हता.

३ फेब्रुवारी, सोमवार

आणखी गेला. वर्कशॉपमधली मोजपट्टी घरी आणली. मोरीच्या भिंतीपासून काठ अकरा फूट.

४ फेब्रुवारी, मंगळवार

साडेनऊ.

मोरीच्या भिंतीला लागून भाऊजींची खोली. ताईचा नवरा तीन वर्षं अंथरुणावर आहे. उजवी बाजू गेलीय, बोलणं अर्धंच कळतं. मोरी जवळ म्हणून मागची खोली दिली. त्यांना विचारलं, पुढच्या खोलीत नेऊ का? ते डाव्या हाताने खिडकीकडे बोट करत राहिले. ओढा बघायचा असतो त्यांना. दिवसभर तेवढंच असतं त्यांना.

मुळं हातभर खाली जात होती. हातभर!

६ फेब्रुवारी, गुरुवार

नगरपालिकेचा ओव्हरसियर आला. काठावर उकिडवा बसला, माती बोटांत चोळली आणि एका मिनिटात म्हणाला, "इथलं झुडूप कुठे गेलं? त्यानेच तर धरून ठेवलं होतं."

गल्लीतली सगळी जमली होती. कोणीतरी म्हणालं, शेळ्या. मग सगळेच म्हणाले, शेळ्या! पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत एक बाई राहते, एकटीच, सव्वीस शेळ्या, दूध विकते. काठाने चारायला नेते. ताईचा आवाज सगळ्यात वर होता — "माझा माणूस आत पडलाय, त्याच्या डोक्यावर भिंत आली म्हणजे हिच्या शेळ्या येणार का उचलायला?" तिचं काय चुकलं? ती घाबरलीय.

शेळ्या हलवा म्हणून तिथल्या तिथे नगरपालिकेला अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून मलाच लिहायला लावला. मी लिहिला. सगळ्यांबरोबर खाली सही पण केली.

केली. काय करू? पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नऊ फूट दोन इंच.

पेटीतल्या तेरा शेळ्या झाल्या. त्यांचे पाय सारखे मोडतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

धीर करून मॅडमना विचारलं. सरळ नाही, आडून. तिसऱ्या पेटीची पाटी तयार होऊन आली होती — "शेळ्यांच्या अनिर्बंध चराईमुळे डोंगर उजाड झाले." मी म्हटलं, खरंच शेळ्यांनीच केलं का हो हे सगळं?

मॅडम म्हणाल्या, "छे, एकट्या शेळ्यांनी कसं होईल? आधी जहाजांना लाकूड गेलं, धातूच्या भट्ट्यांना गेलं, शहरांच्या चुलींना गेलं. शेळ्या मागून आल्या, नवं उगवू दिलं नाही एवढंच. पण पाटीवर दोनच ओळी मावतात."

दोन ओळींत शेळ्याच मावल्या.

मी म्हटलं, जहाजं पण लिहा ना. त्या म्हणाल्या, छापून आलंय आता. मग माझ्याकडे नीट बघून — "तुम्हाला बरं नाहीये का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शेळीवाली घरी आली. मी स्वयंपाकघरात होते. ताईने दार अर्धंच उघडलं.

ती ओरडली नाही. म्हणाली, "ताई, माझ्या शेळ्या ते झुडूप तोंडात धरत नाहीत. कडू असतं. कुणालाही विचारा. तुम्ही सही मागे घेतलीत तर बाकीचे पण घेतील."

ताई म्हणाली, "मग कोणी खाल्लं? मी खाल्लं?"

ती थोडा वेळ उभी राहिली असावी. मी सांडशी हातात धरून भिंतीला टेकून होते, दूध उतू गेलं तरी गॅस बंद केला नाही. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. एकच! पाय उचलला नाही. दार लागलं. ताई आत येऊन म्हणाली, "दूध बघायला काय होतं गं तुला?"

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उरलेल्या पोत्यातला एक तुरा चावून पाहिला. कडू जहर. तासाभराने चहा घेतला तरी चव जात नव्हती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मिस्त्रींना सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, नाहीतर फुटले असते. त्यांनी रंधा खाली ठेवला. पहिली गोष्ट विचारली, "मुळासकट?"

मी मान हलवली.

त्यांनी रंध्यातली ढलपी काढून टाकली. मग म्हणाले, "बाई, आता बोललात तर दालन बंद पडेल. पर्यावरणाच्या दालनासाठी ओढ्याचा काठ सोलला — पेपरवाल्यांना आणखी काय पाहिजे? तुमची नोकरी जाईल, मॅडमची जाईल. उद्घाटन होऊन जाऊ दे. अकरा दिवसांनी काही बिघडत नाही."

मला हेच ऐकायचं होतं, म्हणूनच त्यांच्याकडे गेले. हेही मला कळतंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नोटीस निघाली. दहा दिवसांत शेळ्या हलवा, नाहीतर जप्त. सोमवारी, ३ मार्चला मुदत संपते. उद्घाटन २८ला. म्हणजे मध्ये दोन दिवस राहतात. बसतं. बसवता येईल.

आठ फूट अकरा इंच. पाणी उतरलंय, काठ थांबलाय वाटतं. ओव्हरसियर दगडांची भिंत घालू म्हणाला. ताईने आज पहिल्यांदा नीट जेवण केलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पत्र लिहिलं. चार वेळा. पहिल्यात नुसती कारणं होती — घाई, मॅडम, नोकरी. फाडलं. दुसऱ्यात इतकं रडगाणं की माझी मलाच चीड आली. चौथं सहा ओळींचं आहे. झुडूप मी उपटलं, सोळा पोती, तारखा ह्या, शेळ्यांचा संबंध नाही, अर्ज मीच लिहिला आहे, तो खोटा आहे. पर्समध्ये ठेवलं.

हे ताईला कसं सांगायचं, ते अजून कुठेच लिहिलेलं नाही. भाऊजींच्या खोलीमागची जमीन मी नेली, हे तिच्या तोंडावर कोणत्या शब्दांत म्हणायचं?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पार पडलं. पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी फीत कापली. माणसं पहिल्या पेटीपुढून हलेनात! साहेब काचेला नाक लावून म्हणाले, "ही खरी झाडं आहेत का?" मॅडम म्हणाल्या, "आमच्या बाईंची कमाल आहे." टाळ्या पडल्या. मी हात जोडले. पर्स काखेत घट्ट धरली होती.

तिसऱ्या पेटीपुढे शाळेची मुलं होती. त्यांच्या बाई पाटी मोठ्याने वाचून दाखवत होत्या. मुलं शेळ्या मोजत होती.

संध्याकाळी मॅडमनी बाजूला घेतलं. एप्रिलपासून कायम. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आनंद झाला — खोटं कशाला लिहू, खूप झाला. घरी येईपर्यंत टिकला.

१ मार्च, शनिवार

नगरपालिकेत गेले. ओव्हरसियर साइटवर. आवक-जावकची बाई म्हणाली, टेबलावर ठेवून जा. नाही ठेवलं. कोणी उघडून वाचलं आणि गल्लीत पसरलं तर? त्याच्या हातातच द्यायचं. सोमवारी दहाला येतो म्हणाली.

परतताना पत्र्याच्या खोलीवरून आले. शेळ्यांचा आवाज नव्हता. चारायला गेल्या असतील.

२ मार्च, रविवार

उद्या दहाला पत्र. त्याच्या आधी, सकाळी चहा घेताना ताईला. आधी ताईलाच. ठरलं. आज दिवसभर तिच्यामागे फिरले, भांडी घासली, भाऊजींना आंघोळ घातली, चादरी बदलल्या. ताई म्हणाली, "कायम झालीस म्हणून एवढी माया?"

३ मार्च, सोमवार

उठून बाहेर आले तर ताई दारातून आत येत होती. "गेली एकदाची शेळीवाली. शेळ्या शुक्रवारीच खाटकाला विकल्या म्हणे, मिळेल त्या भावाला. आत्ता बोचकं घेऊन निघाली. जाताना तुझ्यासाठी निरोप ठेवला — तुमच्या बहिणीला सांगा, पुढच्या वेळी वरून कापायचं, मुळं राहू द्यायची, दोन महिन्यांत परत फुटतं."

ताई समोर उभी आहे. मी मान खाली घालून हे लिहितेय. तिने दुसऱ्यांदा विचारलं, "कसली मुळं गं?"