चंद्रम्माचं शेवटचं पान

खडकी,
डिसेंबर १९५४

प्रिय अक्का,

शरणार्थ. हे पत्र डाकेनं न्हाई, हावगेप्पाच्या हाती देतोय. तो येळवशीच्या सणाला गावी, राजेश्वरला यायलाय. डाकेचं पत्र गुरुलिंगअण्णा आधी फोडतो, आणि यातलं एक अक्षर त्याच्या नजरेला पडायला नको. वैनी शेतात गेल्यावर वाच.

तुझी कादंबरी छापून आली. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याची, आणि वर माझं नाव! रझाकारीत दाजी गेले, तू माहेरी आलीस, मुलांच्या मासिकात गोष्टी धाडायला लागलीस. विधवा बाईचं नाव छापून आलं तर गाव काय म्हणंल, म्हणून तूच म्हणालीस, लिंग्या, तू लांब हाईस, तुझं नाव दे. दिलं. तेव्हा गंमत वाटायची. चाळीतली पोरं अजून दारात येतात, लिंगराजकाका, नवी गोष्ट कवा? मी म्हणतो, शिजायलीय. चौथीतून पळालेला माणूस आणखी काय सांगणार!

पण कादंबरी आल्यापासून जीव थाऱ्यावर न्हाई. कारखान्यात मुकादम म्हणतो, कादंबरीकारसाहेब, जरा ही पेटी उचलता का? ते चालतंय. परवा प्रकाशक स्वतः खोलीवर आले. लिंगराजराव, बाईचं मन तुम्हाला इतकं कसं हो कळलं? मी घाम पुसत म्हणालो, घरात बहीण आहे. ते म्हणाले, आणि शेवट! आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. मला पेढा भरवला. पेढा तोंडात, आणि मला शेवट ठाऊकच न्हाई. तू धाडलेले कागद मी जसेच्या तसे नेऊन दिलते.

मग वाचायला बसलो. तुझ्या पोरांच्या गोष्टी मी भराभरा वाचतो, ही जड गेली. जेवणाच्या सुट्टीत ओळीवर बोट ठेवून वाचायचो. नवरा गेल्यावर चंद्रम्मा भावाकडं येते. भावजय तिचं ताट कोपऱ्यात ठेवते. ती लिहिते म्हणून भाऊ तिचे कागद चुलीत घालतो. अक्का, अण्णानं खरंच घातले का गं? तू कधी बोलली न्हाईस. शेवटच्या पानावर ती घागर घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरते, मधल्या फुटक्या पायरीवर पाय जपून टाकते, घागर पाण्याकाठी नीट ठेवते आणि तशीच पुढं जाते. तिथं पुस्तक संपतं. लोक म्हणतात, वा! ती फुटकी पायरी आपल्या विहिरीची आहे, हे त्यांना कुठं माहीत?

पोरांच्या गोष्टीत तू लांडग्याच्या तोंडातली शेळीसुद्धा घरी आणतेस. चंद्रम्माला कामून आणली न्हाईस? गोष्टच ती, असं म्हणशील. म्हण, हस मला, अडाणी म्हण. सगळं खोटं निघालं तर पेढे मी वाटीन.

पण मला थांबवत न्हाई, म्हणून हे लिहायलोय. पगार झाला की मी निघतो, तुला इकडं आणतो. खोली लहान आहे, पण तुझ्या कागदाला इथं कुणी हात लावणार न्हाई. अण्णाशी मी बोलतो. तोवर पाणी वैनीला आणू दे. पाय मुरगळला म्हण, ताप आला म्हण, काहीही रच, तुला काय शिकवायचं! फक्त मी येईपर्यंत त्या विहिरीवर जाऊ नको.

तुझाच भाऊ,
लिंग्या