साक्षीदार मीच नेमला

रविवार, २ तारीख

आले एकदाची! दोन ट्रंका, शिवणयंत्र आणि गुडघेदुखी एवढा संसार घेऊन धाकट्या भावाकडे कायमची राहायला आले. तीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. आता नोकरी संपली, आणि ढब्या तर कधीपासून मागे लागला होता, ताई ये, ताई ये. ढब्या म्हणजे भाऊच. लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून हे नाव पडलं. आता नुसता हाडांचा सापळा झालाय, पण नाव काही सुटत नाही. वहिनी जिन्यावरून पडून गेली त्याला वर्ष झालं, तेव्हापासून एकटाच राहतो.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. माझ्या खोलीला दोन खिडक्या आहेत, एक रस्त्याकडची आणि एक मागच्या मैदानाकडची. पलंगावर नवी चादर, कोपऱ्यात माझ्या यंत्रासाठी मोकळी केलेली जागा. पोरानं फार मनापासून तयारी केलीय. कुठली खिडकी आधी उघडशील म्हणून विचारत दारात उभा राहिला. मी मैदानाकडची उघडली तर हा टाळ्या पिटायचाच बाकी राहिला. पन्नाशीला आला तरी पोरकटपणा तसाच आहे.

बुधवार, ५ तारीख

घर लागलं. ढब्या घरोघरचे पाण्याचे मीटर वाचायच्या कामावर आहे. पाचला येतो, चहा घेतो, साडेपाचला बाहेर पडतो आणि सातला परत. फिरायला जातो म्हणे.

आता मोज्यांच्या बाबतीत मला कुणी फसवू नये. दीड तास चाललेल्या माणसाचा मोजा टाचेशी ओलसर असतो आणि बोटांशी गोळा झालेला असतो. याचे मोजे मी धुवायला टाकताना पाहिले, कारखान्यातल्या साच्यावरून आत्ता उतरवल्यासारखे कोरे होते. हा माणूस कुठेतरी जाऊन बसतो.

आणि प्रश्न तरी किती विचारावेत! चहा घेणार की कॉफी, लिफ्टनं जाणार की जिन्यानं. मी उत्तर दिलं की घड्याळाकडे बघतो.

शनिवार, ८ तारीख

आज वहिनीचं कपाट उघडलं. आत एक चिंधीसुद्धा नाही. ढब्याच्या मनगटावरचं घड्याळही गेलंय.

ही लक्षणं मला नवी नाहीत. आमच्या वडिलांनी पत्त्यांपायी राहतं घर घालवलं. त्या दिवशी ढब्याला कडेवर घेऊन मी मामाच्या घरापर्यंत चालत गेले होते, मी अकरा वर्षांची आणि तो तीन. खाण तशी माती असं मामी म्हणायची तेव्हा मला राग यायचा.

विचारलं तर हसला. तुझी शपथ, ताई, तसलं काही नाही, म्हणाला. माझी शपथ त्यानं फार पटकन घेतली. त्याला यातून बाहेर काढल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.

सोमवार, १० तारीख

टपालपेटीत एका गुप्तहेराचं कार्ड पडलं होतं. देवच पावला म्हटलं आणि गेले. चष्म्याच्या दुकानावर एवढीशी खोली, खोलीत पिकल्या केसांचा एक शांत म्हातारा, कानावर पेन्सिल. म्हणाला की मी डोळ्यांनी पाहतो तेवढंच लिहितो, वेळेसकट, तिखटमीठ लावत नाही. अगदी माझ्याच जातकुळीचा माणूस. मी सही केली तेव्हा त्यानं घड्याळ पाहून वहीत टिपलं, चार वाजून बारा मिनिटं. तो काटेकोरपणा मला फार आवडला.

गुरुवार, १३ तारीख

पहिला अहवाल आला. लाँड्रीच्या मागे एक बंद गाळा आहे, तिथे ढब्या रोज जातो. ढब्या धरून अकरा माणसं असतात. पत्ते नाहीत, फासे नाहीत, पडद्यावरचे आकडे नाहीत. एक जण प्रश्न वाचतो, सगळे चिठ्ठीवर हो किंवा नाही लिहितात, आणि त्यावर पैजा लागतात.

प्रश्नही उतरवून दिलेत. बाई मागची खिडकी आधी उघडेल का. बाई कॉफी नको म्हणेल का. बाई जिन्यानं उतरेल का.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा वाचलं आणि उठून मैदानाकडची खिडकी लावून घेतली. ती बाई मीच आहे.

शुक्रवार, १४ तारीख

आज सगळं उलटं केलं. एकही खिडकी उघडली नाही, चहा नाही, कॉफी नाही, खाली उतरलेच नाही. घ्या म्हटलं, बसा बोंबलत.

ढब्या सातला शीळ घालत आला. संध्याकाळच्या अहवालात लिहिलंय की आज बाई हट्टाला पेटेल यावर एकानंच पैज लावली होती आणि तोच जिंकला. मला एवढं ओळखणारा एकच माणूस आहे जगात.

रविवार, १६ तारीख

अहवाल त्याच्यासमोर ठेवला. नाही म्हणाला नाही. माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. सुटावंसं वाटतं पण साडेपाच वाजले की पाय आपोआप तिकडे वळतात, म्हणाला. मग वर तोंड करून म्हणाला, "ताई, मी नेहमी तुझ्याच बाजूनं लावतो गं." जसं काही यात माझं समाधान व्हावं.

तरी मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. उद्या सकाळच्या गाडीनं दोघांनी इथून निघायचं ठरलंय. हो म्हणालाय.

सोमवार, १७ तारीख

सकाळी ढब्या घरात नव्हता. मी बॅग घेऊन स्टेशनवर गेले. फलाटावर दहा माणसं उभी होती, लांब लांब. कुणी अडवलं नाही. सगळे घड्याळ बघत होते. गाडी आली आणि गेली. ढब्या आला नाही, आणि त्याला टाकून मला चढवेना.

बाकावर गुप्तहेर बसला होता, लिहीत. मी विचारलं, तुम्ही इथे कसे. तो हवापाण्याचं सांगावं तसं बोलला. "पैजेला दोन्ही बाजूंचा विश्वास बसेल असा एक साक्षीदार लागतो, बाई. तुम्ही मला कधी नेमाल यावरही पैज होती. तुमच्या वहिनींनीही मलाच नेमलं होतं."

म्हणजे खेळाला पंच मीच आणून दिला. सही करून.

पोलीस चौकीत गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. कुणी हात लावला का? नाही. धमकी? नाही. मग बाई, आम्ही लिहायचं काय?

मी बॅग उचलून घरी आले तर ढब्या परतला होता, मान खाली घालून चहा करत होता.

बुधवार, १९ तारीख

समोरच्या बिऱ्हाडाचं दार वाजवलं, मदतीसाठी. दार उघडणारा माणूस फलाटावरच्या दहांतला. आधी घड्याळ पाहिलं त्यानं, मग मला.

काहीही करा. जेवले तर कुणीतरी जिंकतं. नाही जेवले तरी कुणीतरी जिंकतं. दिवसभर खुर्चीत बसून राहिले, त्यावरही पैज होती.

निघून जाता येईल. दार उघडंच आहे. पण ढब्या —

गुरुवार, २० तारीख

गुप्तहेराला काढून टाकलंय, तरी दाराखालून अहवाल आला. आज एकच प्रश्न.

उद्या दुपारी बारानंतर बाई जिवंत असेल का.

हो म्हणणारे दहा. नाही म्हणणारा एक.

चिठ्ठी जोडलीय. अक्षर ढब्याचं आहे. मीच गिरवून घेतलं होतं ते त्याच्याकडून.

शुक्रवार, २१ तारीख, पावणेबारा

खोलीची कडी लावलीय. खाली मैदानात म्हातारा बसलाय, पेन्सिल हातात —

ढब्या दाराशी आहे. मारत नाही, ढकलत नाही. नुसता हाक मारतोय. मी हरलो तर ते मला जिवंत सोडणार नाहीत, ताई. असं म्हणतोय.

खोटं असेल. खरं असेल —

पंधरा मिनिटं गप्प बसायचं, बस. मग मी वाचते. आणि तो —

रडतोय आता. तो रडला की मला राहवत नाही. त्या दहांना हे ठाऊक नाही. ढब्याला आहे. म्हणून तर त्यानं

उठते. थांब रे, आले, रडू नको, कडी जरा घट्ट