आया बदलायच्या राहिल्या

उप्साला, १४ नोव्हेंबर २०१९

प्रिय हेनिंग,

तुझा गुडघा बरा असेल. मी ठीक आहे. गेल्या आठवड्यात मंगळवारी डॉक्टर लिनेआ ओसबेरीचा फोन आला म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. एरवी लिहिलं नसतं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना फुप्फुसांसाठी स्टिरॉइड किती द्यायचं, हे ती ठरवते आहे. आधार आपल्या एकोणनव्वदच्या अभ्यासाचा: कमी मात्रेने उंदरांच्या पिल्लांची फुप्फुसं सुधारली आणि वाढही खुंटली नाही. तिला मूळ वही हवी होती.

"गुनवोर, हेनिंग म्हणतो तू कागद टाकून दिलेस."

"त्याचं काय ऐकतेस? स्वतःचे फाटके मोजे टाकवत नाहीत त्याला, आणि मी कागद टाकेन?"

ती हसली. मला हसू आलं नाही. वर तुझी चिठ्ठी: "तीस वर्षांनी कशाला उकरतेस, बाई? वजनाचा तक्ता बरोबर आहे."

तक्ता बरोबर नाही, हेनिंग. किती वेळा सांगू? भरपूर ऑक्सिजनच्या पेटीत पिल्लं तग धरतात, मोठी उंदरीण धरत नाही. म्हणून रोज सकाळी आठला दोन्ही पेट्यांतल्या आया बदलायच्या: आतल्या बाहेर, बाहेरच्या आत. तूच शिकवलंस. मिडसमरच्या सणाच्या शुक्रवारी औषधवाल्या पेटीतल्या आया बदलल्या गेल्या, बिनऔषधाच्या पेटीतल्या राहिल्या. शनिवारी दुपारपर्यंत त्यांचं दूध आटलं होतं. त्यांची पिल्लं मागे पडली ती पडलीच. मग औषधवाली पिल्लं वजनाला त्यांच्याएवढीच भरली यात नवल काय? दोन्हीकडची खुरटलेली होती, एवढंच.

"बदलल्या गेल्या", "राहिल्या"! काय लिहिते आहे मी! बदलणारी मीच होते. अर्धं काम झालं आणि तू खाली हॉर्न वाजवलास. मग वर येऊन दारातून म्हणालास, "चल गं, एका दिवसाने काही मरत नाहीत." तू पहिल्यांदाच बोलावत होतास. मी हातमोजे काढले.

सोमवारी वहीतल्या शुक्रवारच्या रकान्यात मी काम झाल्याची खूण केली. तू ती पाहिलीस आणि पान उलटलंस. पुढे हिवाळ्यात तू मार्गितशी लग्न केलंस. त्याबद्दल हे पत्र नाही.

ही मात्रा निर्धोक समजून आता माणसांच्या बाळांना दिली जाईल. तीन दिवस तू फोन उचलला नाहीस. आणखी थांबणं मला जमणार नव्हतं.

गुनवोर एकडाल

काल दुपारी दोन वाजता डॉ. लिनेआ ओसबेरी यांच्या हाती दिलं:
पेट्यांची रोजची वही, एक.
पिल्लांच्या वजनाचे तक्ते, अकरा पानं.
त्या शुक्रवारी आणि सोमवारी काय झालं याचं निवेदन, एक पान. खाली माझी सही. शेजारी तुझं नाव छापलं आहे. त्यावरची जागा कोरी आहे.