नऊ नंबरची घंटा

३ ऑक्टोबर, पिलार

पोचले एकदाची! असुन्सिओनच्या बसने हाडं खिळखिळी केली, पण वृद्धाश्रम झकास आहे. अंगणातल्या आंब्याखाली आजी-आजोबा तेरेरे, म्हणजे इथला पाल्याचा गार चहा, पीत बसलेले. नर्स ब्लासिदाने आल्या आल्या हातावर चिपा, गरम चीजचा पाव, ठेवला. म्हणाली, इंटरनेटवाला म्हणजे कोणी दाढीवाला बाप्या येईल वाटलं होतं, ही तर चिमणी निघाली!

काम सोपं आहे. कोठीशेजारच्या खोलीतला राउटर प्रत्येक फोनला, टीव्हीला, आजी-आजोबांच्या हातातल्या घंटेच्या बटणालाही एकेक पत्ता देतो. पत्ते मोजकेच; पत्ता नाही, तर ती वस्तू मुकी. कोणता पत्ता कोणाकडे गेला, ते मी बघायचं.

९ ऑक्टोबर

रविवार. पाहुण्यांची जत्रा, त्यात फुटबॉलचा सामना. पत्ते संपले, टीव्ही लागेना, आश्रमाचे मालक माझ्या डोक्यावर बसले. एक बिननावाचं यंत्र दिसलं. शेजारचा कोणी फुकट्या असेल म्हणून मी त्याला बंदी घातली. तो पत्ता टीव्हीला मिळाला, सामना लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही फुशारले.

१० ऑक्टोबर

नऊ नंबरच्या खोलीतल्या सेफेरिनाआजी गेल्या. काल सामना चालू असताना दम लागला असणार. बटण मुठीत घट्ट धरलेलं होतं.

मी पडताळून पाहिलं. बिननावाचं यंत्र म्हणजे त्यांची घंटा. देवा, माझ्या हातून हे काय झालं!

मालकांनी खापर ब्लासिदावर फोडलं. घंटा ऐकूनही तू सामन्यासमोरून हलली नसशील, म्हणाले. ती रडून रडून शपथा घेत होती. मी शेजारीच उभी होते, तिला पाणी दिलं, बंदीचं मात्र लपवलं.

१२ ऑक्टोबर

मूठ उघडेना, म्हणून बटण आजींबरोबरच पुरलं.

आज त्याने राउटरकडून पत्ता घेतला. मी पुन्हा बंदी घातली. त्याने दुसरा घेतला.

१४ ऑक्टोबर

ब्लासिदाला काढलं. जाताना मला मिठी मारून म्हणाली, पोरी, इथे तू एकटीच माझ्या बाजूची. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगणारच होते. उद्या सांगते, नक्की.

टीव्ही बंद पडलाय. त्याचा पत्ता नऊ नंबरने—

१५ ऑक्टोबर

सगळे पत्ते नऊ नंबरचे. बाकीच्यांच्या घंटा मुक्या. आता सांगायलाच हवं, नाहीतर आणखी कोणी—

मालकांकडे निघाले तर राउटरच्या खोलीचं दार उघडत नाही. दुपारची वेळ, सगळे झोपलेत. फोनलाही पत्ता नाही. ओरडतेय—

माझ्या मागे कोणीतरी धापा—

चूक माझी होती, आजी, माझी—

ब्लासिदा असती तर धावत—